नंबर कुणाचा? – गरोदर बाई, आरोग्यशिक्षण आणि रजिस्टरातला एक रकाना

माझा पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस हमखास एक वाक्य बोलतो : "यात इतिहास कुठं आला?" विषय आहे सोलापूर जिल्ह्यातल्या गरोदर बायकांपर्यंत आरोग्याची माहिती कशी पोचत आली याचा. दाई, नर्सबाई, रेडिओ, अंगणवाडीच्या भिंतीवरचं पोस्टर, आणि आता मोबाईल. लोकांना वाटतं मोबाईल म्हणजे आजचं काम, इतिहास म्हणजे किल्ले आणि सनावळ्या. पण मोबाईलवर येणारा दोन मिनिटांचा आरोग्यसंदेश हा जवळपास सव्वाशे-दीडशे वर्षांच्या एका प्रयत्नाचा शेवटचा तुकडा आहे. मागचे तुकडे पाहिले नाहीत तर या तुकड्याचं काय होतंय ते नीट कळत नाही.

सुरुवात एका रकान्यापासून करते. गरोदर बाईची नोंदणी होते तेव्हा उपकेंद्राची सिस्टर तिचं नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख आणि मोबाईल नंबर लिहून घेते. नंबराला जोडून आणखी एक बारीक प्रश्न असतो : हा नंबर कुणाचा? स्वतःचा, नवऱ्याचा, नातेवाइकाचा, शेजाऱ्याचा, की इतर? सरकारी नोंदणीपद्धतीत हा प्रश्न विचारला जातो याचाच अर्थ, ज्यांनी ती बनवली त्यांना पुरतं ठाऊक होतं की 'बाईचा नंबर' ही साधी गोष्ट नाही. हा सगळा लेख म्हणजे त्या एका रकान्याची टीप आहे असं समजा.

डफरीन चौकातून

सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही डफरीन चौक माहीत असतो. रिक्षावाल्याला नुसतं "डफरीन" म्हटलं तरी पुरतं. महापालिकेचं प्रसूतिगृहही याच नावानं ओळखलं जातं. पण ही डफरीन कोण, हे फार थोडे सांगू शकतात. व्हाइसरॉय लॉर्ड डफरीन यांची पत्नी लेडी डफरीन. तिच्या नावानं १८८५ साली एक निधी उभा राहिला. हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी, म्हणजे स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि दाया तयार व्हाव्यात, बायकांचे दवाखाने निघावेत, असा त्याचा हेतू. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही अशा घरांतून बायका बाळंतपणात मरत होत्या, हे त्यामागचं वास्तव. लक्षात घ्या, त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतीशास्त्रच होता.

मग १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी आला, तो खास पारंपरिक दायांना शिकवण्यासाठी. पुण्याच्या सेवासदनानं ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचं शिक्षण मिळवून द्यायला सुरुवात केली. १९२४ मध्ये लेडी रीडिंग यांच्या प्रोत्साहनानं देशभर 'बाळ सप्ताह' झाला. त्यात गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा, बक्षिसं, भाषणं आणि मॅजिक लँटर्नवर काचेच्या चित्रांचे खेळ. मॅजिक लँटर्न म्हणजे त्या काळचा प्रोजेक्टर. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर चित्र पडायचं आणि वक्ता समजावून सांगायचा : नाळ स्वच्छ हत्यारानं कापा, बाळाला अफू चाटवू नका, खोलीत हवा खेळू द्या.

सल्ले चुकीचे होते का? नाही. बरेचसे आजही बरोबर आहेत. पण त्या काळचे अहवाल वाचताना एक सूर सारखा कानावर पडतो. बाळं मरतात कारण आया अडाणी आहेत आणि दाया घाणेरड्या आहेत, त्यांना 'सांगितलं' की झालं. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं शहर होतं. जुनी गिरणी, नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. कापसाच्या धुरळ्यात उभं राहून काम करणाऱ्या बाईला "शेवटच्या दिवसांत आराम कर" हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? आराम केला तर रोज बुडत होता.

म्हणूनच मला या सगळ्या कहाणीत १९२९ हे साल फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला या प्रकारचा हा पहिला कायदा. कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू उचलून धरली होती. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे रजा आणि त्या रजेचे पैसे, असं त्याचं सूत्र. "आराम कर" असं सांगणं आणि आरामाचे पैसे देणं यातलं अंतर त्या कायद्यानं ओळखलं. हे अंतर पुढं पुन्हा भेटणार आहे.

रेडिओ ऐकला, मग काय झालं?

आता थेट १९५६. पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचा एक श्रोतागट, म्हणजे 'फोरम'. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. शेती, जनावरं, आरोग्य, गावची कामं असे विषय. गटानं एकत्र बसून ऐकायचं, नंतर त्यावर चर्चा करायची आणि काही शंका उरली तर ती रेडिओ केंद्राला कळवायची. पुढच्या कार्यक्रमांत त्यातल्या शंकांना उत्तरं मिळायची.

या प्रयोगाचं मूल्यमापन पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं केलं. ते त्या वेळी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत होते. त्यांची पद्धत हुशारीची होती. त्यांनी फक्त फोरमची गावं पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण फोरम नाही अशी गावंही घेतली, आणि रेडिओच नाही अशीही. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष असा की फोरमच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नाही.

हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. आवाज तोच, कार्यक्रम तेच, पण बसून बोलणारी माणसं नसतील तर आवाज वाऱ्यावर जातो. १९५९ पासून हे फोरम देशभर नेले गेले आणि पुढं हळूहळू विरत गेले. रेडिओ संच वाटणं सोपं होतं. रोज गट बसवणं, प्रश्न गोळा करणं, उत्तरं देणं हे अवघड होतं. शिवाय हे गट मुख्यतः पुरुषांचे. बाईनं चावडीत बसून रेडिओ ऐकायचा आणि वर प्रश्न विचारायचा, हे तेव्हा बसत नव्हतं.

बार्शीचा धडा

तिसरा तुकडा अगदी आपल्या जिल्ह्यातला आहे, आणि सोलापूरकरांनाही तो कमी माहीत आहे. विषय गरोदरपणाचा नाही, पण बायकांच्या आरोग्याचाच. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी आणि शेजारचे भूम, परांडा हे तालुके मिळून साडेतीनशेच्या आसपास गावं. शहरात कर्करोगाची नोंदणी करताना रुग्णालयांचे कागद गोळा करता येतात. खेड्यात कागदच नव्हते, कारण बायका रुग्णालयात येतच नव्हत्या. अंगावर पांढरं जातंय, मधेच रक्त जातंय, पण सांगायचं कुणाला?

म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. लोकांना गोळा करून लक्षणं समजावून सांगायची, घरी जाऊन बोलायचं, शंका असेल तर रुग्णालयात घेऊन यायचं. गावोगाव तपासणीचं मोठं यंत्र नव्हतं, शिबिरांचा गाजावाजा नव्हता. काही वर्षांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आता आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या. हा अभ्यास १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला.

पुण्याच्या रेडिओनं जे दाखवलं तेच बार्शीनं वेगळ्या वाटेनं दाखवलं. माहिती पोचली, कारण ती घेऊन येणारं माणूस पुन्हा येणार होतं. आज सांगितलं, पटलं नाही, पुढच्या महिन्यात परत विचारता येईल. आणि येणारं माणूस वाटही दाखवत होतं : इथं या, अमक्या दिवशी या, मी आहे.

फोन आला

भारतात मोबाईलवरून पहिला फोन झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून दिल्लीला. त्यानंतरची काही वर्षं येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. मे २००३ पासून 'जो फोन करेल त्यानं पैसे भरायचे' ही पद्धत लागू झाली आणि येणारा फोन फुकट झाला. आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात ही तारीख कुणी लिहीत नाही, पण मी लिहिते. येणारा फोन फुकट नसता तर गरीब बाईला फोन करून माहिती सांगण्याची कल्पनाच निघाली नसती. 'मिस्ड कॉल' नावाची आपली खास संस्थाही त्यातूनच वाढली.

इकडे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशाताई आल्या, जननी सुरक्षा योजना आली. २००९-१० पासून प्रत्येक गरोदर बाईची नावनिशी संगणकावर ठेवायला सुरुवात झाली. तोवर रजिस्टर सिस्टरच्या पिशवीत असायचं. आता ते दिल्लीला दिसू लागलं, मोबाईल नंबरसकट. नंबरांची एवढी मोठी यादी तयार झाल्यावर त्यावर फोन करावा असं कुणाला तरी वाटणारच होतं.

जगात त्याच सुमाराला हे वारं होतं. अमेरिकेत २०१० मध्ये 'टेक्स्टफॉरबेबी' ही एसएमएस सेवा निघाली. २०११ मध्ये 'मामा' नावाची आंतरराष्ट्रीय आघाडी झाली. बांगलादेशात 'आपोनजोन' ही सेवा सुरू झाली, आणि तिनं एक शहाणपणाची गोष्ट केली : बाईसाठी वेगळे संदेश आणि घरच्यांसाठी, म्हणजे नवरा, सासू यांच्यासाठी वेगळे. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं 'मॉमकनेक्ट' काढलं. ते तिथल्या ११ अधिकृत भाषांमध्ये, आणि बाईला उलट प्रश्न विचारायची, दवाखान्याबद्दल तक्रार करायचीही सोय.

आपल्याकडे एसएमएसपेक्षा आवाज बरा, हे लवकर ओळखलं गेलं. वाचता न येणारी बाईही ऐकू शकते. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये 'अरमान' ही संस्था स्थापली. शीव रुग्णालयात शिकत असताना टाळता आले असते असे मृत्यू पाहिल्याचं त्या सांगतात. संस्थेची 'एममित्र' ही सेवा मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झाली. गरोदरपणापासून मूल वर्षाचं होईपर्यंत १४५ आवाजी संदेश, मराठीत आणि हिंदीत. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तांत्रिक नाही. नाव नोंदवताना बाईला विचारलं जायचं, फोन कितीच्या सुमाराला केला तर चालेल? पाणी यायची वेळ, नवरा कामाला जायची वेळ, डबे भरायची वेळ हे सगळं त्या एका प्रश्नात येतं.

तिकडे बिहारमध्ये बीबीसी मीडिया ॲक्शननं २०१३ मध्ये 'किलकारी' सुरू केली. किलकारी म्हणजे बाळाचा आनंदाचा चीत्कार. १५ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारनं ती आपली योजना म्हणून काही राज्यांत लागू केली. चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक फोन, एकूण ७२. शेवटच्या पाळीच्या तारखेवरून संगणक आठवडा मोजतो आणि त्या आठवड्याला लागू पडणारा संदेश लावतो. बोलते ती डॉ. अनिता, एक काल्पनिक डॉक्टर. फोन उचलला नाही तर तो पुन्हा लावला जातो. बाईला पैसे पडत नाहीत. २०१९ पासून ही सेवा चालवण्याचं काम अरमान सरकारबरोबर पाहते. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये किलकारी गुजरात आणि महाराष्ट्रासाठीही सुरू झाल्याचं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं.

मग फरक पडतो का?

इथं घाई करू नये. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघू.

एममित्रचा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांत झाला. फोन मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या बायकांची तुलना केली. फोन मिळालेल्यांत धनुर्वाताचं इंजेक्शन घेणं, रक्तस्राव झाल्यास डॉक्टरकडे जाणं, बाळंतपणासाठी पैसे बाजूला टाकणं, दवाखान्यात बाळंत होणं या गोष्टी जास्त आढळल्या. मात्र कुणाला फोन मिळेल हे पूर्णपणे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे निष्कर्ष जरा हात राखून घ्यावा लागतो.

किलकारीची तपासणी मात्र कडक होती. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत, पाच हजारांहून थोड्या जास्त गरोदर बायका, चिठ्ठ्या टाकून दोन गट. अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजण्याच्या बाबतीत दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. गर्भनिरोधनाची आधुनिक, तात्पुरती साधनं वापरण्यात थोडी वाढ दिसली.

मला हे निकाल वाचून निराशा आली नाही, उलट ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटलं. अंगावरचं दूध पाजणं हा नुसत्या माहितीचा प्रश्न नाही. पहिल्या तासात बाळाला कुणी मध चाटवला, सासू काय म्हणाली, दूध उतरत नाही म्हणून शेजारीण काय म्हणाली, कामावर कधी परतायचं आहे, हे सगळं त्यात येतं. त्या वेळी बाईला हवं असतं शेजारी बसून बाळाला नीट छातीशी धरायला शिकवणारं कुणीतरी. दोन मिनिटांचा आवाज तेवढं करू शकत नाही. १९५६ मध्ये पुण्याच्या रेडिओलाही एकट्यानं ते जमलं नव्हतं.

आणखी एक प्रयोग सांगते, कारण तो थेट याच प्रश्नावर बोट ठेवतो. एममित्रच्या अनेक बायका काही आठवड्यांनी फोन ऐकणं सोडून देत. त्यांना कार्यकर्तीनं स्वतः फोन करून बोललं तर त्या परत ऐकू लागत, पण कार्यकर्त्या थोड्या आणि बायका लाखो. तेव्हा गुगलच्या संशोधकांबरोबर एक पद्धत बनवली गेली : कोणत्या बाईला या आठवड्यात माणसाचा फोन गेला तर सर्वांत जास्त उपयोग होईल हे संगणकानं सुचवायचं. सुमारे २३ हजार बायकांवर ती तपासली, आणि ऐकणं सोडण्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालं. बातम्यांमध्ये हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं यश म्हणून आलं. मी ते जरा वेगळं वाचते. बाईला परत आणणारा फोन शेवटी माणसाचाच होता. संगणकानं फक्त रांग लावली.

सोलापुरात हा फोन कुठं वाजतो?

आता तो रकाना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरण्यासाठी मोबाईल असलेल्या बायकांचं देशातलं प्रमाण सुमारे ५४ टक्के. महाराष्ट्र त्याच्या आसपासच. म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या बाईच्या नावासमोरचा नंबर दुसऱ्याच कुणाचा असण्याची शक्यता. नवऱ्याचा असेल तर तो सकाळी नवऱ्याबरोबर चिंचोळी एमआयडीसीत किंवा यंत्रमागावर जातो. दुपारी डॉ. अनिता मागावरच्या खडखडाटात बोलते, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून तिला कापलं जातं. फसवणुकीच्या फोनांनी लोक इतके धसकलेत की अनोळखी नंबर न उचलणं हाच आता शहाणपणा झालाय.

त्यात आपल्याकडची रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरी जाते, अक्कलकोटला, मंगळवेढ्याला, विजयपूरला. नंबर नवऱ्याचा असेल तर सर्वांत मोलाचे संदेश, म्हणजे कळा कशा ओळखाव्यात, पाणी गेलं तर काय करावं, बाळाला पहिल्या तासात दूध कसं पाजावं, हे सोलापुरात वाजतात आणि पोरगी असते दुसऱ्या गावात. आठवडा बरोबर मोजलेला असतो, गाव चुकलेलं असतं.

दुसरी गोष्ट भाषेची. सोलापुरात एका गल्लीत मराठी, पलीकडे तेलुगू, पुढं कन्नड आणि त्याच्यापुढं उर्दू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत आजही तेलुगू बोलतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कितीतरी गावांत चुलीजवळची भाषा कन्नड आहे. राज्य महाराष्ट्र म्हणून भाषा मराठी, असं ठरवणं यंत्रणेला सोयीचं असतं. या बायकांना मराठी येत नाही असं नाही. बाजारात, दवाखान्यात त्या मराठीच बोलतात. पण अंगावरून जाणं, कळा, दूध, भीती या गोष्टी माणूस आपल्या भाषेतच विचारतो. दक्षिण आफ्रिकेनं ११ भाषांचा खर्च उचलला. सोलापूरला चार पुरतील.

तिसरी गोष्ट विडीची. पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली पानं. हात रिकामे नसतात, कान मात्र रिकामे असतात. त्या अर्थानं आवाजी संदेशासाठी यापेक्षा चांगली श्रोती मिळणार नाही. पण त्या आवाजानं "गरोदरपणात तंबाखूपासून दूर राहा" म्हटलं तर ती काय करील? तंबाखू तिनं खाल्लेली नाही, ती तिच्या मांडीवर आहे, आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालतं. इथं पुन्हा १९२९ भेटतं. गिरणीतल्या बाईसाठी कायद्यानं रजेचे पैसे आणले. घरी बसून काम करणाऱ्या बाईला त्या अर्थानं रजाच नाही. २०१७ पासून पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, ते उपयोगी पडतात, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यातून कितीशी होते, याचा हिशेब त्या बायकांना विचारा. त्या बोटांवर करून दाखवतील.

आणि चौथी गोष्ट, जी लिहायला सर्वांत जड जाते. त्याच पाहणीत सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी सुमारे ४० टक्क्यांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. महाराष्ट्रात हा आकडा ज्या जिल्ह्यांत जास्त आहे, त्यांत आपण आहोत. अशी १६-१७ वर्षांची मुलगी गरोदर राहिली की घरच्यांपुढं प्रश्न येतो : नोंदणी करायची की नाही? बालविवाहाचा कायदा आहे, पोक्सो आहे, वय कळलं तर दवाखान्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कायदे मुलीच्या बाजूचे आहेत यात वाद नाही. पण घरातले घाबरतात, मग वय वाढवून सांगितलं जातं, नाहीतर नोंदणी लांबवली जाते. नोंदणी नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर फोन नाही. सर्वांत कोवळ्या वयाची, रक्त कमी असण्याची, बाळंतपणात अडचण येण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेली मुलगी त्या ७२ संदेशांच्या यादीतच नसते. संदेश कितीही उत्तम असो, यादी रजिस्टरातून येते आणि रजिस्टर भीतीच्या अलीकडेच थांबतं.

फोनची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गरोदर बाईसुद्धा मोळ्या उचलते. तिची नोंदणी तिच्या गावी, आशाताई तिच्या गावी, अंगणवाडी तिच्या गावी. ती फडातल्या कोपीत येते तेव्हा हे सगळं मागं राहतं. तिच्याबरोबर येतो तो फक्त फोन. या बाईच्या बाबतीत तो रेडिओला किंवा भिंतीवरच्या पोस्टरला कधी जमलं नसतं ते करू शकतो, तो तिच्या मागं चालतो. पण तिथंही आवाज म्हणाला, "जवळच्या आरोग्य केंद्रात जा," तर जवळचं केंद्र कोणतं, तिथं कोण ओळखतं, मुकादम सोडेल का, उचल फिटायची आहे, हे प्रश्न तो सोडवत नाही.

मग मी काय म्हणतेय?

फोन बंद करा असं मी म्हणत नाही. आठवड्याला एक फुकट, बरोबर, सौम्य आवाजातला फोन ही छोटी गोष्ट नाही. डफरीनच्या काळात एका बाईपर्यंत एवढं पोचवायला वर्षं गेली असती. मी एवढंच म्हणते की गेल्या दीडशे वर्षांत आपण प्रत्येक वेळी नवं साधन आलं की त्याच्याकडून जुनी चूक करवून घेतली. ती चूक म्हणजे बाईला फक्त ऐकणारी समजणं. मॅजिक लँटर्नच्या अंधारात ती ऐकणारी होती, रेडिओच्या गटात तिला जागाच नव्हती, आणि आजच्या फोनवरही बोलते डॉ. अनिता, ती ऐकते. जिथं जिथं काही हललं, पुण्याच्या फोरममध्ये, बार्शीच्या गावांत, एममित्रच्या कार्यकर्तीच्या फोनमध्ये, तिथं उलट बोलायची जागा होती आणि उत्तर द्यायला माणूस होतं.

सोलापूरपुरतं बोलायचं तर काही गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. नोंदणीच्या वेळी 'नंबर कुणाचा' हा रकाना नुसता भरायचा नाही, तो वाचायचा. नवऱ्याचा असेल तर सातव्या महिन्यात माहेरचा नंबर विचारून घ्यायचा. कोणत्या भाषेत ऐकायला आवडेल, कितीच्या सुमाराला, एवढे दोन प्रश्न वाढवायचे. संदेश संपल्यावर आशाताईनं भेटीत "या आठवड्यात काय ऐकलंस?" असं विचारायचं, आणि ज्या आशाताईकडून ही अपेक्षा करायची तिच्या मानधनाचा, कामाच्या ओझ्याचाही विचार करायचा. आणि वय लपवणाऱ्या घराला दवाखान्याची भीती वाटणार नाही असा रस्ता काय, यावर बोलायचं. शेवटचं सर्वांत अवघड आहे, आणि ते कुठल्याही ॲपमध्ये बसत नाही.

माझ्या पुढच्या कामाबद्दल थोडक्यात. मी सध्या जुनी कार्डं गोळा करतेय : गरोदरपणाची, लसीकरणाची, प्रसूतिगृहाची. मागच्या पिढ्यांनी ती ट्रंकेत, देवघरात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असतात. तुमच्या आईला, आजीला एकदा विचारून बघा, पहिल्या खेपेला त्यांना काय खायचं, काय टाळायचं हे कुणी सांगितलं होतं, आणि त्यांनी उलट काही विचारलं होतं का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन येतं. दुसऱ्याला बहुतेक जणी आधी हसतात, मग थोडा वेळ गप्प बसतात, आणि त्यानंतर जे सांगतात ते लिहून ठेवण्यासारखं असतं.